वारंवार मुरगळणाऱ्या घोट्यासाठी बॅलन्स बोर्ड: कोणते साधन, केव्हा आणि कसे वापरावे

गड उतरताना घसाऱ्यावरून पाय सरकतो आणि घोटा आत वळतो, किंवा व्हॉलीबॉलच्या जाळ्याजवळ उडी मारून खाली येताना पाऊल समोरच्याच्या पावलावर पडते. दोन्ही वेळा दुखापत बहुधा एकाच जागी होते: घोट्याच्या बाहेरच्या बाजूला, हाडाच्या उंचवट्याच्या किंचित पुढे आणि खाली. मग आंबेहळदीचा लेप लागतो, क्रेप बँडेज गुंडाळले जाते, दहा-पंधरा दिवसांत सूज उतरते आणि माणूस पुन्हा खेळायला किंवा डोंगरात जाऊ लागतो. काही महिन्यांनी तोच घोटा पुन्हा लचकतो आणि या वेळी त्याला निमित्तही फारसे लागत नाही. पहिल्या दुखापतीनंतरचे वर्ष या दृष्टीने सर्वांत धोक्याचे असते आणि बॅलन्स बोर्ड (उभे राहण्याची डगमगती फळी), फोम पॅड यांसारख्या साधनांचा खरा उपयोग याच काळात होतो. मात्र बोर्ड विकत आणून पहिल्याच दिवशी त्यावर चढणाऱ्यांना त्याचा फायदा क्वचितच मिळतो, कारण या व्यायामात साधनापेक्षा क्रमाला अधिक महत्त्व आहे.

घोटा आतच का वळतो

नडगीचे हाड आणि त्याच्या बाहेरच्या अंगाचे बारीक हाड मिळून घोट्यापाशी एक खाच तयार करतात आणि त्या खाचेत टॅलस नावाचे पावलाचे हाड बसते. टॅलसचा वरचा पृष्ठभाग पुढे रुंद आणि मागे अरुंद असतो. त्यामुळे पाऊल नडगीकडे वर उचललेले असताना रुंद भाग खाचेत घट्ट बसतो. उलट टाच उचलून बोटे खाली झुकली की अरुंद भाग खाचेत येतो आणि सांधा सैल पडतो. उतारावर पाऊल टाकताना किंवा उडीनंतर जमिनीला पाय लागताना घोटा नेमका या सैल अवस्थेत असतो. बाहेरच्या बाजूला सांध्याला धरून ठेवणारे तीन अस्थिबंध असतात. त्यांपैकी पुढचा सर्वांत कमजोर असल्याने बहुतेक वेळा ताणला किंवा फाटला जातो तो हाच.

अस्थिबंध भरून येतो, पण त्याबरोबर सांध्याची जाण पूर्ववत होतेच असे नाही. पाऊल किती अंशांनी कलले आहे, भार कोणत्या कडेवर आहे, याची खबर सांध्याभोवतीचे चेतातंतू, स्नायू आणि त्वचा मेंदूकडे सतत पाठवत असतात. ब्रिटनमधील एम. ए. आर. फ्रीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये असे मांडले की दुखापतीनंतर ही खबर मंदावते, म्हणून घोटा 'निसटल्यासारखा' वाटत राहतो. आणि त्यावर त्यांनी डगमगत्या फळीवर उभे राहण्याचा व्यायाम सुचवला. पुढील संशोधनाने त्यांच्या स्पष्टीकरणात बरीच दुरुस्ती केली, पण व्यायाम टिकला. आजची समजूत अशी आहे की घोटा वळू लागल्यावर स्नायूंनी सावरायला धावणे बहुतेकदा उशिराचे ठरते. म्हणून पाऊल जमिनीला लागण्याआधीच ते योग्य कोनात आणि स्नायू सज्ज ठेवून टाकण्याची सवय लावणे, हे या सरावाचे मोठे काम आहे.

पुरावा कितपत आहे, असे कोणी विचारल्यास उत्तर बऱ्यापैकी समाधानकारक आहे. नेदरलँड्समध्ये झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत नुकताच घोटा मुरगळलेल्या ५२२ खेळाडूंपैकी निम्म्यांना नेहमीच्या उपचारांखेरीज आठ आठवड्यांचा घरगुती तोल-व्यायाम दिला गेला. वर्षभरात व्यायाम करणाऱ्यांपैकी सुमारे २२ टक्क्यांचा, तर न करणाऱ्यांपैकी सुमारे ३३ टक्क्यांचा घोटा पुन्हा लचकला. हा फायदा आधी दुखापत झालेल्यांत ठळकपणे दिसतो; ज्यांचा घोटा कधीच मुरगळलेला नाही, त्यांच्याबाबत तो तितका ठाम नाही. नेदरलँड्समधील व्हॉलीबॉलपटूंच्या आणखी एका अभ्यासात एक सावध करणारी गोष्टही आढळली: ज्यांच्या गुडघ्याला पूर्वी दुखापत झाली होती, त्यांच्यात बोर्डवरील सरावाच्या काळात गुडघ्याच्या अतिवापराच्या तक्रारी वाढल्या. म्हणून गुडघा जुना दुखणाईत असेल तर सेट कमी ठेवावेत आणि गुडघ्याकडेही लक्ष असू द्यावे.

सुरुवात करण्यापूर्वीची तपासणी

ताज्या दुखापतीनंतर हाड मोडले आहे का, हे ठरवण्यासाठी डॉक्टर जगभर 'ओटावा नियम' वापरतात. घोट्याच्या आतल्या किंवा बाहेरच्या हाडाच्या टोकावर, अथवा त्या हाडाच्या मागच्या कडेवर खालच्या ६ सेंटिमीटरांत, बोटाने दाबल्यावर दुखत असेल, करंगळीच्या रेषेत पावलाच्या मध्यावर जो हाडाचा उंचवटा लागतो तिथे किंवा पावलाच्या कमानीच्या आतल्या बाजूच्या हाडावर दुखत असेल, किंवा दुखापत झाल्या झाल्या आणि तपासणीच्या वेळीही चार पावले टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढल्याशिवाय व्यायामाचे नाव घेऊ नये. मधुमेहामुळे पावले बधिर झालेल्या व्यक्तींना हे निकष लावण्यात अर्थ नाही, कारण त्यांना दुखणेच नीट कळत नाही; त्यांनी थेट डॉक्टरांकडे जावे.

हाड शाबूत असेल तर लंगडल्याशिवाय घरात चालता येऊ लागेपर्यंत थांबावे. त्या दिवसांत बसल्या जागी पाऊल वर-खाली करणे, पावलाच्या अंगठ्याने हवेत अक्षरे गिरवणे एवढे पुरेसे आहे. त्यानंतर तीन साध्या चाचण्या घ्याव्यात आणि दोन्ही पायांचे आकडे वहीत लिहून ठेवावेत.

पहिली चाचणी भिंतीची. अनवाणी पाऊल भिंतीकडे सरळ ठेवून, टाच जराही न उचलता गुडघा भिंतीला टेकवावा आणि जमेल तितके पाऊल मागे घेत जावे. टाच न उठता गुडघा टेकतो तेव्हाचे अंगठा आणि भिंत यांमधील अंतर मोजावे. साधारण १० सेंटिमीटर चांगले मानले जाते. दुखावलेल्या बाजूचे अंतर २ सेंटिमीटरांहून अधिक कमी असेल तर सांधा अजून आखडलेला आहे आणि बोर्डपेक्षा आधी पोटरी ताणण्याची व हीच हालचाल रोज करण्याची गरज आहे. दुसरी चाचणी एका पायावर उभे राहण्याची: डोळे उघडे ठेवून ३० सेकंद आणि नंतर डोळे मिटून जमेल तितके. तिसरीसाठी जमिनीवर चिकटपट्टीने एक रेषा समोर आणि दोन रेषा मागे तिरक्या, अशी इंग्रजी वाय अक्षराची आकृती आखावी. मध्यावर एका पायाने उभे राहून दुसऱ्या पायाची बोटे प्रत्येक रेषेवर जमेल तितकी लांब नेऊन हलकेच टेकवावीत. समोरच्या रेषेवर दोन पायांत ४ सेंटिमीटर किंवा अधिक फरक असेल तर तो दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

साधने: काय घ्यावे, काय घेऊ नये

घरी करायच्या सरावासाठी एक फोम पॅड, एक वॉबल बोर्ड आणि एक रबरी पट्टी एवढे पुरे होते.

फोम पॅड सुमारे ६ सेंटिमीटर जाड असतो. तो निवडताना एकच गोष्ट पाहावी: त्यावर एका पायाने उभे राहिल्यावर टाचेला खालची जमीन लागता कामा नये. सोफ्याचा जुना फोम याच कसोटीत नापास होतो. त्याऐवजी घट्ट घडी घातलेली रजई सुरुवातीचे दोन आठवडे चालून जाते. उशी मात्र वापरू नये, कारण ती गुळगुळीत फरशीवर सरकते. कोणतेही साधन थेट टाइल्सवर न ठेवता खाली योगा मॅट अंथरणे हा नियम अपवादाशिवाय पाळावा.

बोर्डचे दोन मुख्य प्रकार आहेत. रॉकर बोर्डखाली अर्धगोल दांडा असतो आणि तो एकाच दिशेला डोलतो. तो फिरवून ठेवला की पुढे-मागे किंवा डावीकडे-उजवीकडे असा सराव करता येतो. वॉबल बोर्डखाली अर्धा गोळा असतो, त्यामुळे तो सर्व दिशांना कलतो. गोळा जितका उंच, तितका बोर्ड अधिक कलतो. म्हणून नवशिक्याने बुटक्या गोळ्याचा किंवा उंची बदलता येणारा बोर्ड घ्यावा. हे दोन्ही प्रकार चांगल्या सुताराकडून करवून घेता येतात. वॉबल बोर्डसाठी १८ मिलिमीटर जाडीच्या प्लायवुडची सुमारे ४० सेंटिमीटर व्यासाची चकती आणि तिच्या मध्यावर खालून बसवलेला ५ ते ६ सेंटिमीटर उंचीचा लाकडी अर्धगोळा, असे सांगितले की काम होते. स्क्रूची डोकी फळीत पूर्ण बुडालेली हवीत, कडा घासून गोल केलेल्या हव्यात आणि पृष्ठभागावर पायऱ्यांना लावतात ती खरखरीत पट्टी चिकटवलेली हवी. अंदाजे घेतलेल्या मध्यावर गोळा बसवला तर बोर्ड एका बाजूला ओढतो, म्हणून मध्य मोजूनच काढून घ्यावा.

हवेची डिस्क हा स्वस्त आणि प्रवासात नेता येणारा पर्याय आहे. हवा कमी असताना ती पसरून बसते आणि सोपी जाते, भरत गेले की कठीण होते. बोसू बॉल, म्हणजे सपाट तळाचा हवेने फुगवलेला अर्धा चेंडू, महाग असतो, जागा अडवतो आणि घोट्यासाठी त्याने होणारे बहुतेक काम फोम पॅडवरही होते. त्यावर डंबेल्स घेऊन बैठका मारण्याच्या ज्या चित्रफिती मोबाइलवर फिरतात, त्यांच्या नादी लागू नये. अस्थिर पृष्ठभागावर स्नायूंना पूर्ण जोर लावता येत नाही, त्यामुळे ताकद त्यातून कमीच वाढते आणि पडण्याचा धोका तेवढा वाढतो.

पाऊल ठेवण्याची पद्धत

सराव अनवाणी करावा, कारण तळव्याच्या त्वचेला मिळणारी खबर बूट अडवतात. बोर्ड स्वयंपाकाच्या ओट्यापासून किंवा दाराच्या चौकटीपासून हातभर अंतरावर ठेवावा. बोर्डवर उडी मारून चढू नये. त्याची एक कड आधी जमिनीला टेकवावी, पाऊल ठेवावे, ओट्याला धरावे आणि मग भार हळूहळू वर घेत बोर्ड समतल करावा. उतरतानाही आधी कड टेकवूनच उतरावे. घाईने मागच्या मागे उतरताना मुरगळणारे घोटे काही कमी नसतात.

एका पायावर उभे राहताना तळव्याचा मध्य गोळ्याच्या वर यायला हवा. भार टाच, अंगठ्याचे मूळ आणि करंगळीचे मूळ या तीन ठिकाणी वाटलेला हवा. यांपैकी अंगठ्याचे मूळ सुटण्याची खोड सर्वांना असते आणि ते सुटले की पाऊल बाहेरच्या कडेवर जाते, म्हणजे ज्या दिशेने घोटा लचकतो त्याच दिशेने. बाहेरच्या हाडामागून जाणाऱ्या पेरोनियल स्नायूंपैकी लांब स्नायूची दोरी तळव्याखालून आडवी जाऊन अंगठ्याच्या मुळाशी पोहोचते. अंगठ्याचे मूळ मुद्दाम दाबून ठेवले की हा स्नायू कामाला लागल्याचे नडगीच्या बाहेरच्या बाजूला हात ठेवला तरी जाणवते. बोटांनी पृष्ठभाग पकडण्याचा प्रयत्न करू नये. बोटे पांढरी पडली असतील तर ती आवळलेली आहेत असे समजावे. गुडघा किंचित वाकलेला आणि पावलाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत, कंबर दोन्ही बाजूंना समान पातळीवर, नजर डोळ्यांच्या उंचीवरील एका स्थिर ठिपक्यावर आणि श्वास चालू ठेवावा.

घोटा बारीक थरथरत असेल तर काम नीट चालले आहे. हात पंख्यासारखे फिरू लागले आणि कंबर झुलू लागली, की तोल घोट्याऐवजी वरून सांभाळला जात आहे, असे मानून सेट तिथेच थांबवावा.

आठ आठवड्यांचा क्रम

आठवड्यातून तीन दिवस, प्रत्येक वेळी जास्तीत जास्त अर्धा तास. दोन्ही पायांचा सराव करावा, दुखऱ्या पायाला एक सेट अधिक द्यावा.

पहिले दोन आठवडे साध्या जमिनीवर घालवावेत. एका पायावर ३० सेकंद, तीन वेळा; हे सोपे झाले की मान हळूहळू डावीकडे-उजवीकडे वळवत, आणि मग डोळे मिटून, अर्थात बोटे ओट्याजवळ ठेवून. हा टप्पा कंटाळवाणा असल्याने लोक तो गाळतात आणि पुढे अडखळतात ते बहुतेक यामुळेच.

तिसऱ्या आणि चौथ्या आठवड्यात हेच फोम पॅडवर करावे. सोबत बोर्डची ओळख दोन्ही पायांनी करून घ्यावी: पाय कमरेइतक्या अंतरावर ठेवून बोर्डची कड आधी पुढे-मागे, मग आजूबाजूला सावकाश टेकवावी. त्यानंतर कड घड्याळाच्या दिशेने आणि उलट दिशेने गोल फिरवावी. कड जमिनीवर आपटल्याचा आवाज येता कामा नये. आवाज न करता कड टेकवणे म्हणजेच नियंत्रण, आणि याला वेगापेक्षा कितीतरी जास्त किंमत आहे.

पाचव्या-सहाव्या आठवड्यात एका पायाने बोर्डवर यावे. सुरुवातीला दोन बोटे ओट्यावर असू द्यावीत, मग एक, मग नुसती जवळ. २० सेकंदांपासून ३० पर्यंत जावे. तीन सेटपैकी शेवटच्या दोन सेटमध्ये हात किंवा दुसरा पाय न टेकता ३० सेकंद पूर्ण झाल्यावरच पुढे सरकावे. फोमवर मात्र याच काळात अवघडपणा वाढवता येतो: घरातील कोणीतरी चेंडू टाकावा आणि तो झेलून परत द्यावा, किंवा एकट्याने तो भिंतीवर मारून झेलावा. लक्ष चेंडूकडे गेल्यावरही घोट्याने आपले काम चालू ठेवावे, हा त्यामागचा हेतू आहे.

शेवटचे दोन आठवडे प्रत्यक्ष हालचालींकडे वळावे. जमिनीवर एका पायाने छोटी उडी पुढे मारावी, उतरल्यावर तीन सेकंद स्थिर राहावे. मग तिरकी, मग आजूबाजूला. उडी बोर्डवर कधीही मारू नये, फोमवरही ती आत्मविश्वास आल्यावरच मारावी.

दुखण्याच्या बाबतीत एक साधा निकष ठेवावा. व्यायाम करताना दहापैकी तीनपर्यंतची कळ चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळी सूज किंवा आखडलेपणा वाढलेला असेल तर मागच्या टप्प्यावर जावे. बाहेरच्या हाडामागे काही तरी सटकल्याचा टकटक आवाज येत असेल, किंवा सहा-आठ आठवड्यांनंतरही सांध्याच्या खोल आत दुखत असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे, कारण अशा वेळी स्नायूची दोरी किंवा टॅलसवरील कूर्चा दुखावलेली असू शकते.

ताकद वेगळी कमवावी लागते

बोर्ड प्रतिसाद शिकवतो. ताकद मात्र रबरी पट्टी आणि टाचा उचलण्याच्या व्यायामानेच येते. पट्टीचे एक टोक पलंगाच्या पायाला बांधावे, दुसरे पावलाच्या पुढच्या भागाभोवती घ्यावे, आणि गुडघा न हलवता पाऊल बाहेर वळवावे. बाहेर जाताना एक सेकंद, परत येताना तीन सेकंद, असे पंधरा वेळा, तीन सेट. परत येण्याची हालचाल पट्टीच्या ओढीने झटकन होऊ देऊ नये. थेराबँड या ब्रँडच्या पट्ट्यांत पिवळी हलकी, त्यानंतर लाल, हिरवी, निळी आणि काळी असा चढता क्रम असतो; बहुतेकांना लाल पट्टीपासून सुरुवात करता येते.

टाचा उचलण्याचा व्यायाम आधी दोन्ही पायांवर, मग एका पायावर करावा. चांगल्या पायाने जितक्या वेळा टाच पूर्ण उंचीपर्यंत उचलता येते, तितक्या वेळा दुखऱ्या पायाने येईपर्यंत तो सोडू नये. वर गेल्यावर घोटा बाहेर कलत असेल तर अंगठ्याच्या मुळाकडे भार आणावा.

वयस्कर व्यक्तींनी वॉबल बोर्ड घेऊच नये. ओट्याला धरून जमिनीवर एका पायाने उभे राहणे, टाचा उचलणे आणि एकापुढे एक पाऊल ठेवून भिंतीकडेने चालणे त्यांना पुरते. चक्कर येत असल्यास तेही डॉक्टरांना विचारूनच करावे.

मैदानात आणि डोंगरात परतताना

भिंतीच्या आणि वायच्या चाचण्यांत दोन्ही पायांचे आकडे जवळजवळ सारखे आले, एका पायाने सलग उड्या मारताना भीती वाटेनाशी झाली, की खेळाकडे वळावे. खो-खो खेळणाऱ्याने आधी खांबाला वळसा घालण्याचा सराव अर्ध्या वेगाने करावा. कबड्डीत पकडीतून सुटताना पाऊल मॅटवर रुतलेले असते आणि अंग फिरते, म्हणून पाऊल जागीच वळवून घेण्याची हालचाल वेगळी घोटवावी. पहिल्या वर्षी खेळताना घोट्याला ब्रेस किंवा टेप लावणे हे कमकुवतपणाचे लक्षण मानू नये. ब्रेस आणि व्यायाम एकत्र करण्यात काहीही वावगे नाही.

सह्याद्रीत भटकणाऱ्यांनी जिन्याचा उपयोग करून घ्यावा. खालच्या पायरीवर एका पायाने उभे राहून दुसरी टाच तीन सेकंदांत जमिनीला टेकवायची आणि परत वर यायचे. आधी रिकाम्या पाठीने, मग सॅकमध्ये दोन-तीन लिटर पाणी भरून, आणि पुढे ट्रेकला नेतो तेवढे वजन घेऊन. पहिला ट्रेक रुळलेल्या वाटेचा आणि कोरड्या दिवसांतला निवडावा. शेवाळलेला कातळ आणि मोठ्या उताराचा घसारा पुढच्या खेपेसाठी ठेवावा. उतरताना काठी वापरावी, पावले आखूड टाकावीत, आणि पाय दमल्यावर घोटे लचकण्याचे प्रमाण वाढते हे ध्यानात घेऊन पायथा दिसू लागल्यावर वेग वाढवण्याचा मोह टाळावा. आठ आठवडे संपल्यावर सराव पूर्ण बंद न करता आठवड्यातून एक-दोनदा दहा मिनिटे बोर्ड आणि पट्टी चालू ठेवावी, आणि भिंतीची चाचणी दर महिन्याला घेऊन आकडा त्याच वहीत लिहावा.